तान्ह्या पोळ्याचा बैल कॉम्प्युटरवर चालवू या : जिंपमधल्या ॲनिमेशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात मुलांना जिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरवर ॲनिमेशन शिकवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथं एकत्र केले आहेत. काही मुलांचे आहेत, काही त्यांच्या आईबाबांचे, काही आसपासच्या गावांतल्या शिक्षकांचे. उदाहरण मुद्दाम एकच घेतलं आहे : तान्ह्या पोळ्याला मुलं दोरीनं ओढतात तो चाकावरचा लाकडी बैल. तो एकदा नीट चालला की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं.

फ्रेम-फ्रेमनं ॲनिमेशन म्हणजे नेमकं काय?

एकामागून एक थोडीथोडी बदललेली चित्रं. ती पुरेशा वेगानं दाखवली की डोळ्यांना हालचाल दिसते. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात. हातानं काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बऱ्याचदा एकच चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं पुरतात. आपल्या छोट्या जीआयएफला, म्हणजे हलत्या चित्राच्या फाइलला, आठ-दहासुद्धा चालतात.

हे आपल्याकडे नवं नाही. १९१२ च्या सुमारास दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते कॅमेऱ्यानं असंच थांबत थांबत, एकेक फ्रेम घेत टिपलं होतं. पूर्ण लांबीचा सिनेमा त्यांनी त्यानंतर काढला.

जिंपच का? फोटोशॉप का नाही?

फोटोशॉप असेल तर खुशाल वापरा, फ्रेमचा हिशेब तोच राहतो. पण गावातल्या दहा मुलांना आपापल्या घरी काम करायचं असेल तर ज्याला पैसे पडत नाहीत आणि जे कायदेशीर वाटून देता येतं, तेच घेतलं पाहिजे. जिंप १९९६ पासून लोकांसाठी खुलं आहे. उतरवायचं ते जिंप डॉट ओआरजी या त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच. तालुक्याला जिथं नेट बरं असेल तिथून एकदा पेनड्राइव्हवर आणा. बसवताना नेट लागत नाही.

एक मात्र आधीच सांगून ठेवतो. जिंप फोटो आणि चित्रांवर काम करायला बनलेलं आहे. त्यात ॲनिमेशनची वेगळी टाइमलाइन, म्हणजे फ्रेमा ओळीनं मांडायची पट्टी, नाही. चित्राचे एकावर एक ठेवलेले थर म्हणजे लेयर, आणि इथं लेयर हीच फ्रेम. सहा ते वीस चित्रांच्या कामाला हे पुरतं आणि शिकायला उलट चांगलं, कारण प्रत्येक फ्रेम स्वतःच्या हातानं करावी लागते. मोठं काम करायचं झालं तर क्रिटा किंवा पेन्सिल-टू-डीकडे जा. तीही फुकट आहेत.

माह्याकडं जुना कॉम्प्युटर आहे. त्याच्यावर चालते काय?

चालते. विंडोज ७ असेल तर जिंपची २.१० ही आवृत्ती घ्या. २०२५ मध्ये आलेल्या ३.० ला विंडोज १० किंवा त्यापुढचं लागतं. या पानावरचं सगळं दोन्हींत होतं, मेनूंत कुठं कुठं थोडा फरक दिसेल.

मला चित्र काढता येत नाही. जमेल का?

जमेल. हालचाल खरी वाटते ती दोन गोष्टींनी : कोणती वस्तू किती सरकली आणि कोणतं चित्र किती वेळ थांबलं. चौकोनाला दोन शिंगं आणि दोन चाकं काढली तरी तो बैल चालताना दिसतो, चाकांचा हिशेब बरोबर असला की झालं. आणि रेखीव रंगवलेला बैल चाक न फिरवता नुसता सरकला तर तो बर्फावरून घसरल्यासारखा दिसतो. आमच्या मुलांमध्ये ज्यांना चित्रकला येते त्यांच्यापेक्षा वस्तूकडे टक लावून पाहणारी मुलं पुढं गेली आहेत. म्हणून पहिलं काम कॉम्प्युटरवर नाहीच. घरातला लाकडी बैल अंगणात ओढून पाहा. चाकाला खडूची खूण करा, ती खूण पुन्हा जमिनीला टेकेपर्यंत बैल किती पुढं गेला ते मोजा.

लाकडीच बैल का? खरा बैल का नको?

कारण लाकडी बैलाला पाय उचलावे लागत नाहीत. अंग जागच्या जागी, चाकं फिरतात, जमीन मागं जाते. शिकण्यासाठी एवढ्याच दोन हालचाली. खऱ्या बैलाबद्दल पुढं सांगितलं आहे.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगा.

नवी फाइल ४८० बाय २७० पिक्सेलची घ्या (पिक्सेल म्हणजे चित्राचा एक बारीक ठिपका). ४८० का, ते लगेच कळेल.

सगळ्यात खाली पांढरा लेयर राहू द्या. त्यावर वेगवेगळे लेयर करा : जमीन, बैलाचं अंग, मागचं चाक, पुढचं चाक. अंगावर झूल घाला, शिंगांना बेगड लावा, गळ्यात घुंगरू बांधा, हौस भागवून घ्या. चाकं मात्र मापातच हवीत. गोल निवडीच्या साधनानं ६० बाय ६० चं वर्तुळ काढा आणि मधून एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन रेषा ओढा, म्हणजे चार आरे होतात. चाकाचा लेयर ‘क्रॉप टू कंटेंट’नं नेमका चाकाएवढा कापा. हे राहून गेलं तर चाक फिरवताना भलत्याच बिंदूभोवती फिरतं.

आता हिशेब. चाकाचा व्यास ६०, म्हणून परीघ साधारण १८८ पिक्सेल. चाक १५ अंश फिरलं म्हणजे पूर्ण फेरीचा चोविसावा भाग झाला. १८८ भागिले २४, म्हणजे जवळपास ८. म्हणून नियम असा : दर फ्रेमला चाक १५ अंश फिरवायचं आणि जमीन ८ पिक्सेल मागं न्यायची. चाक आणि जमीन मग एकमेकांना धरून चालतात. आकडे दुसरे घेतलेत तरी हा मेळ सुटू देऊ नका.

जमिनीवर गवताचे झुपके दर ४८ पिक्सेलांवर एक, असे सारखे काढा. ४८० रुंदीत बरोबर दहा बसतात. बैल उजवीकडे चालला असेल तर जमिनीच्या लेयरला ‘लेयर, ट्रान्सफॉर्म, ऑफसेट’मध्ये आडवं उणे ८ द्या आणि ‘रॅप अराउंड’ निवडलेलं ठेवा, म्हणजे डावीकडून बाहेर गेलेलं गवत उजवीकडून आत येतं. रुंदी ४८ च्या पटीत नसेल तर तिथंच सांधा दिसतो.

चाक फिरवताना मूळ चाक लपवून ठेवा. दर वेळी त्याचीच नवी प्रत काढा (कंट्रोल-शिफ्ट-डी) आणि ती फिरवा : १५, ३०, ४५, ६०, ७५. आधीच फिरवलेली प्रत पुन्हा फिरवू नका. दर फिरवण्यात कडा थोड्या पुसट होतात आणि पाचव्या वेळी चाक धुरकट दिसतं. दोन्ही चाकांना कोन सारखाच.

प्रत्येक स्थिती तयार झाली की ती पीएनजी, म्हणजे साध्या स्थिर चित्राची फाइल, म्हणून एक्स्पोर्ट करा. नावं ०१, ०२, ०३ अशी, आणि आकडे इंग्रजी. पुढचं शून्य विसरू नका, कारण फ्रेमा दहाच्या वर गेल्या की काही ठिकाणी १० हा २ च्या आधी लागतो. सहा चित्रं झाली की ‘फाइल, ओपन ॲज लेयर्स’मधून सगळी एकदम उघडा. लेयरच्या यादीत पहिली फ्रेम सगळ्यात खाली असते आणि शेवटची सगळ्यात वर. हा उलटा क्रम नवख्याला फसवतो, तो तपासून घ्या. ‘फिल्टर्स, ॲनिमेशन, प्लेबॅक’मध्ये चालवून पाहा. बरं वाटलं की ‘एक्स्पोर्ट ॲज’, नावाच्या शेवटी डॉट जीआयएफ, आणि पुढच्या खिडकीत ‘ॲज ॲनिमेशन’वर खूण. ती राहिली तर सगळे लेयर एकत्र होऊन एकच स्थिर चित्र निघतं.

सहाच फ्रेमा का? सातवी का नाही?

सातव्या फ्रेममध्ये चाक ९० अंशांवर येईल. चार आऱ्यांचं चाक ९० अंशांवर अगदी पहिल्यासारखंच दिसतं, आणि जमीनही तोवर ४८ पिक्सेल जाऊन पहिल्यासारखी झालेली असते. म्हणजे सातवी फ्रेम ही पहिलीच. ती ठेवली तर तेच चित्र लागोपाठ दोनदा येतं आणि बैल दर फेरीला अडखळतो.

चाकावर एखादा लाल ठिपका काढायचा असेल तर हे गणित बदलतं. ठिपका पूर्ण फेरी मारून आला पाहिजे, म्हणून २४ फ्रेमा लागतील.

बैल पुढं जातो आणि चाक उलटं फिरताना दिसतं. असं कावून?

एका फ्रेमला तुम्ही चाक फार फिरवलं. चार सारखे आरे असतील तर ४५ अंशांच्या पुढं डोळ्याला जवळचा आरा मागच्या बाजूचा वाटतो आणि चाक उलटं दिसतं. बरोबर ४५ वर दिशाच कळत नाही. पंधरा-वीसच्या आत राहा.

वेळ कुठं आणि कशी द्यायची?

एक्स्पोर्टच्या खिडकीत सगळ्या फ्रेमांना मिळून एक वेळ देता येते. मुळात तिथं १०० मिलिसेकंद लिहिलेलं असतं आणि आपल्या बैलाला तेवढंच बरं. एखादी फ्रेम जास्त थांबवायची असेल तर त्या लेयरच्या नावापुढे कंसात वेळ लिहायची : आकडा, त्याला चिकटून लहान रोमन एम आणि एस, कंस बंद. हे सगळं इंग्रजी कीबोर्डवरून. मराठी अंक टाकले तर जिंप ते वेळ म्हणून वाचत नाही आणि चूक झाल्याचं सांगतही नाही.

जीआयएफमध्ये वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात साठवली जाते, त्यामुळे दहा-दहाच्या पटीतच आकडे द्या. फार लहान आकडा देऊन वेग वाढत नाही. दहा मिलिसेकंद किंवा त्याहून कमी दिसलं की बरेच ब्राउझर ती फ्रेम उलट १०० मिलिसेकंद दाखवतात.

‘कंबाइन’ आणि ‘रिप्लेस’ यांत काय घ्यायचं?

हे दोन पर्याय एक्स्पोर्टच्या खिडकीतच असतात. ‘रिप्लेस’मध्ये आधीची फ्रेम पुसली जाते आणि नवी येते. ‘कंबाइन’मध्ये जुनीवर नवी चढते, खालचं तसंच राहतं. बैलासाठी रिप्लेस घ्या. जे भर पडत पडत पूर्ण होतं त्याला कंबाइन : ठिपक्यांची रांगोळी, किंवा पहिलीच्या मुलांना ‘ब’ कसा गिरवायचा ते दाखवणं. तिथं प्रत्येक लेयरवर फक्त नवी रेघ काढायची, त्यामुळे फाइलही लहान राहते.

आधीची फ्रेम खाली पुसट दिसावी, म्हणजे पुढची त्यावर बेतता येईल. तशी सोय आहे का?

वरच्या लेयरची ओपॅसिटी (गडदपणा) ५० वर आणा, खालचा दिसतो. पण एक्स्पोर्ट करण्याआधी ती परत १०० करा. जीआयएफला अर्धवट पारदर्शकपणा कळत नाही, पिक्सेल एकतर दिसतो नाहीतर दिसत नाही. कडांना पांढरट किनार येते तीही यामुळेच. आम्ही मागं पक्का रंग ठेवतो आणि ती भानगडच टाळतो.

आमच्या पोरांनी कागदावर चित्रं काढली. ती कशी घ्यायची?

हे मला सगळ्यात आवडतं. कागदावर हात मोकळा चालतो.

सगळे कागद एका मापाचे घ्या आणि पंचिंग मशीननं एकाच जागी दोन भोकं पाडा. पुठ्ठ्यावर तेवढ्याच अंतरावर दोन खिळे किंवा गोल काड्या उभ्या करा आणि प्रत्येक कागद त्यातच अडकवा. कागद सरकला नाही तर अर्धं काम झालं. खालचं चित्र दिसण्यासाठी खिडकीच्या काचेवर उन्हाकडे धरून काढा. फोटो काढताना मोबाईल दोन विटांवर आडव्या ठेवलेल्या पट्टीला पक्का बांधा आणि तो सगळ्या चित्रांसाठी एकाच जागी राहू द्या. ऊन थेट कागदावर नको. ओसरीतली सावली उत्तम, आणि एका बैठकीत सगळे फोटो उरका, म्हणजे उजेड बदलत नाही. कोपऱ्यांत अधिक चिन्हाच्या (+) खुणा काढून ठेवल्या तर जिंपमध्ये चित्रं एकमेकांवर नेमकी बसवता येतात.

फोटो लेयर म्हणून उघडले आणि कॉम्प्युटर जागचा हलेना!

फोटोची फाइल तीन-चार एमबीची दिसते, पण उघडल्यावर ती मेमरीत पसरते. ४,००० बाय ३,००० च्या फोटोत सव्वा कोटीच्या आसपास पिक्सेल, प्रत्येकाला चार बाइट, म्हणजे एका लेयरला जवळपास ४८ एमबी. चोवीस फोटो म्हणजे एक जीबीच्या वर, आणि केलेलं काम उलटवता यावं म्हणून जिंप ठेवतं ते निराळंच. याउलट ४८० बाय २७० चा एक लेयर अर्ध्या एमबीचा. म्हणून फोटो आधी एकेक करून लहान करा, मग लेयर म्हणून उघडा.

काम करता करता लाइन गेली तर?

जिंप आपणहून सेव्ह करत नाही. दर फ्रेमनंतर कंट्रोल-एस दाबायची सवय लावा. मूळ काम एक्ससीएफ या जिंपच्या स्वतःच्या फाइलमध्येच ठेवा. जीआयएफ हा फक्त निघालेला माल आहे, त्यातून वेगळे लेयर आणि पुसलेले रंग परत मिळत नाहीत. मोठा बदल करण्याआधी नव्या आकड्यानं वेगळी फाइल सेव्ह करा. इन्व्हर्टर नसलेल्या डेस्कटॉपवर तर हे पाळाच.

रंग ठिपक्याठिपक्यांचे का दिसतात?

जीआयएफ १९८७ चा आहे. एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त २५६ रंग बसतात. संध्याकाळचं आभाळ हळूहळू रंग बदलत जातं, ते एवढ्यांत बसत नाही, मग ठिपके किंवा पट्टे येतात. सपाट रंग वापरा. सलग एकाच रंगाचा भाग असला की फाइलही लहान होते. शेवटी ‘ऑप्टिमाइज (फॉर जीआयएफ)’ चालवा. ते जिंपमध्येच आहे आणि न बदललेला भाग वगळून टाकतं.

मराठी अक्षरं उमटत नाहीत.

युनिकोड फॉन्ट घ्या : मंगल, मुक्ता, लोहित यांपैकी कोणताही. कृतीदेवसारखे जुने फॉन्ट युनिकोड टायपिंगला चालत नाहीत. आणि अक्षरं वाचायला वेळ द्या. फ्रेम दाखवल्यावर स्वतः मोठ्यानं दोनदा वाचा, तेवढा वेळ ती राहिली पाहिजे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना तेवढा लागतोच.

व्हॉट्सॲपवर पाठवलं तर नीट जात नाही.

व्हॉट्सॲप जीआयएफचा छोटा व्हिडिओ करून पाठवतं, त्यात चित्राची प्रत उतरते. मूळ फाइल तशीच पोचवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. हलतं स्टिकर करायचं असेल तर ५१२ बाय ५१२ पिक्सेल, वेबपी प्रकार आणि ५०० केबीच्या आत, ही अट आहे. जिंप वेबपीसुद्धा ॲनिमेशनसह काढतं.

झडत्यांचा, म्हणजे पोळ्याला म्हणतात त्या गाण्यांचा, आवाज टाकता येईल का?

जीआयएफमध्ये नाही, त्यात आवाजाला जागाच नाही. पीएनजी चित्रं ओपनशॉट किंवा केडेनलाइव्ह या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन व्हिडिओ करा आणि खाली आवाज जोडा. आजोबांकडून झडत्या म्हणवून घेऊन मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून ठेवा, ॲनिमेशन नंतर केव्हाही होईल.

आता खरा बैल चालवायचा आहे.

बैल सावकाश चालतो तेव्हा पाय ठरलेल्या क्रमानं उचलतो : मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. मागचा पाय त्याच बाजूच्या पुढच्या पायाच्या खुणेजवळ येतो, तेव्हा पुढचा उचललेला असतो. नुसत्या नजरेनं हे धरणं अवघड. घोडा पळताना त्याचे चारही पाय एकदम अधांतरी असतात का, हे माणसाला १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यांमुळे नीट दिसलं. तुमच्याकडे मोबाईल आहे. सकाळी बैलजोडी वावरात निघते तेव्हा बाजूनं, मोबाईल न हलवता, चित्रण करा आणि एकेक फ्रेम थांबवून पाहा. आठ फ्रेमांत चाल बसते. मान दर पावलाला किंचित खाली-वर होते आणि घुंगरू मानेच्या एक फ्रेम मागून हलतं. हे मागं राहणं घातलं की बैल जिवंत वाटतो.

बैलानंतर काय करावं? शेतातलं काही?

कापूस. पऱ्हाटीचं फूल पहिल्या दिवशी पांढरट-पिवळसर असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. फुलापासून बोंड फुटायला दीड महिना किंवा थोडा जास्त लागतो. हे सगळं आठ-दहा चित्रांत बसवता येतं, आणि इथं वेळेचा खेळ शिकायला मिळतो. बंद बोंड बराच वेळ थांबू द्या, ८०० मिलिसेकंद तरी. टोकाला चीर पडते ती झटकन, पाकळ्या मागं वळतात त्या ओळीनं चार फ्रेमांत, कापूस फुलतो तो शेवटी दोन फ्रेमांत, आणि मग पुन्हा लांब थांबा. सगळ्या फ्रेमांना सारखा वेळ दिला तर बोंड यंत्रासारखं उघडतं.

माझ्या मते सगळ्यात उपयोगाचं ॲनिमेशन गुलाबी बोंडअळीचं होईल. बारीक अळी कोवळ्या बोंडात शिरते, शिरल्याचं भोक बुजून जातं आणि बोंड बाहेरून चांगलं दिसत राहतं, तोवर ती आत सरकी खात असते. वेचणीच्या वेळी कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो. कॅमेऱ्याला हे आतलं दिसत नाही, चित्राला दिसतं. अर्ध्या कापलेल्या बोंडाचं चित्र काढा, शेजारी न कापलेलं तसंच्या तसं ठेवा, आणि डोमकळी, म्हणजे अळीमुळे नीट न उमललेलं फूल, कशी ओळखायची तेही दाखवा. शेतकऱ्यांच्या ग्रुपवर असं काही फिरलं तर लांबलचक मजकुरापेक्षा जास्त लोक पाहतील. फक्त पाठवण्याआधी कृषी सहायकांकडून किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या माहितीशी ताडून घ्या. चुकीची अळी गावभर फिरू नये.

ज्यांना चाकंच आवडली त्यांनी मूर्तिजापूर-यवतमाळच्या शकुंतला या रेल्वेगाडीचं वाफेचं इंजिन काढावं. १९९४ पर्यंत ती वाफेवर धावली, त्यामुळे पाहिलेली माणसं अजून गावोगावी आहेत. चाकांना जोडणारा दांडा कसा वर-खाली व्हायचा ते त्यांनाच विचारा.

फोटो इंटरनेटवरून घेतले तर?

नको. दुसऱ्याच्या चित्रावर त्याचा हक्क असतो. शिवाय आपला बैल गोठ्यात उभा आहे.

कॉम्प्युटरच नाही, मोबाईल आहे.

मग फ्लिपाक्लिपसारखं ॲप घ्या, बोटानं काढा. १५ अंश आणि ८ पिक्सेलचा हिशेब तिथं डोळ्यानं करावा लागेल, पण सातवी फ्रेम टाळणं, थांबायची वेळ, मागून हलणारं घुंगरू हे सगळं तसंच लागू होतं.

शाळेत मोठ्या पडद्यावर कसं दाखवायचं?

जीआयएफ फाइल ब्राउझरच्या खिडकीत ओढून टाका आणि एफ-११ दाबा. नेट लागत नाही. ४८० चं चित्र मोठ्या पडद्यावर खडबडीत दिसेल. म्हणून प्रोजेक्टरसाठी सगळी मापं पहिल्यापासूनच दुप्पट धरा : ९६० बाय ५४०, चाक १२० चं, झुपके दर ९६ वर, जमीन दर फ्रेमला १६. कोन मात्र १५ च.